रात्री उठवणारी कंबरदुखी: चौथ्या कंबर-मणक्यातली ७ मिलिमीटरची गाठ

रुग्ण १४ वर्षांचा मुलगा, गोव्याच्या डिचोली तालुक्यातला, शाळेच्या फुटबॉल संघात बचावफळीत खेळणारा. कंबरेच्या उजव्या बाजूला, आत खोलवर, सतत ठुसठुसणारं दुखणं. सुरुवात शिगम्याच्या (होळीच्या) दिवसांत झाली आणि तो माझ्यासमोर आला तेव्हा चवथ (गणेशचतुर्थी) होऊन गेली होती. म्हणजे जवळपास सहा महिने. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत.

सुरुवातीला सगळ्यांनी फुटबॉलकडे बोट दाखवलं आणि त्यात गैर काहीच नव्हतं. वाढत्या वयातल्या खेळाडू मुलांमध्ये कंबरेच्या मणक्याच्या मागच्या कमानीला वारंवार ताण बसून बारीक भेग पडते. तिला स्पॉन्डिलोलिसिस म्हणतात. ती बहुधा पाचव्या कंबर-मणक्यात असते आणि कधी चौथ्यात. गोव्यात गावोगावी मुलं फुटबॉल खेळतात, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगून आयबुप्रोफेन दिलं, हे बरोबरच केलं. गोळीने आराम पडला. गोळी संपली आणि दुखणं परत आलं. मग घरी तेल लावून चोळणं झालं, फिजिओथेरपी झाली. दीड महिना मैदानावर पाऊल न टाकताही दुखणं हटेना, उलट वाढत गेलं. ताणाची भेग असती तर विश्रांतीने थोडा तरी उतार पडला असता. इथे शंका घ्यायला जागा होती.

पावसाळ्यात आईच्या लक्षात आलं की गणवेशाचा शर्ट एका बाजूला लोंबतोय आणि मुलगा उभा राहतो तेव्हा वाकडा दिसतो. एक्स-रे काढला. त्यात कण्याला बाक आलेला दिसला. ‘स्कोलिओसिस, स्नायूंचा आखडलेपणा’ असं निदान झालं आणि पट्टा वापरायचा का, याची चर्चा सुरू झाली. दुखणं तरीही थांबेना म्हणून एका केंद्रात एमआरआय झाला. अहवालात लिहिलं होतं: चौथ्या कंबर-मणक्याच्या उजव्या पेडिकलमध्ये आणि लॅमिनामध्ये (मणक्याच्या मागच्या कमानीच्या भागांमध्ये) सूज, बाजूच्या स्नायूंमध्येही सूज, क्षयरोगासह इतर संसर्ग किंवा अर्बुद (ट्यूमर) यांचा विचार व्हावा, बायोप्सी सुचवली आहे.

‘अर्बुद’ आणि ‘क्षयरोग’ हे दोन शब्द एकाच ओळीत वाचल्यावर त्या घरावर काय गुदरलं असेल, हे वेगळं सांगायला नको. टीबीची औषधं लगेच सुरू करावीत असं एका नातेवाइकाचं म्हणणं, तर मुलाला थेट मुंबईला न्यावं असं दुसऱ्याचं. फाईल माझ्याकडे आली ती दुसरं मत घेण्यासाठी.

त्या अहवालात खोटं काही नव्हतं. सूज होती आणि सांगितलेल्या शक्यताही पाठ्यपुस्तकाला धरून होत्या. पण एमआरआय मागवणाऱ्या चिठ्ठीवर फक्त ‘कंबरदुखी’ लिहिलं होतं. वय होतं, बाजूसुद्धा नव्हती. दुखणं कधी वाढतं आणि कशाने थांबतं याचा एक शब्द नव्हता. आम्हा रेडिओलॉजिस्टांच्या हातात प्रतिमा असते, माणूस नसतो. म्हणून ती चिठ्ठी हा तपासणीचाच भाग आहे असं मी ठामपणे मानतो. हाडातल्या एका विशिष्ट गाठीच्या बाबतीत तर रुग्णाची हकीकत निम्मं निदान करून टाकते.

मी मुलालाच विचारलं, ‘दुखतं कधी?’ तो आईकडे पाहू लागला. आईने सांगितलं, ‘रातचो उठता, डॉक्टर. गुळी घेतली म्हणटकच न्हिदता.’ रोज रात्री दोन-अडीचच्या सुमारास तो जागा होतो, गोळी घेतो आणि अर्ध्या तासात पुन्हा झोपतो. गोळ्यांची पट्टी उशाशीच असते. दिवसा शाळेत दुखतं, पण सोसवतं. ताप नाही, वजन उतरलेलं नाही, भूक व्यवस्थित, पायात बधिरपणा नाही, लघवी-शौचाची तक्रार नाही. ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह किंवा संसर्ग सुचवणाऱ्या रक्तचाचण्या) आधीच झाले होते आणि दोन्ही सामान्य होते.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, साध्या वेदनाशामकाने पटकन थांबणारं, आणि सोबत कण्याला आलेला बाक. हे तिन्ही एकत्र आले की ऑस्टिऑइड ऑस्टिओमा हे नाव यादीत सर्वांत वर असायला हवं. न्यूयॉर्कचे पॅथॉलॉजिस्ट हेन्री जॅफी यांनी १९३५ साली या गाठीचं स्वतंत्र वर्णन केलं. ती सौम्य असते. म्हणजे ती कर्करोग होत नाही आणि शरीरात इतरत्र पसरत नाही. तिचा गाभा, ज्याला निडस म्हणतात, सहसा दीड सेंटिमीटरच्या आतच असतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये ती जास्त आढळते, बहुतेक वेळा दहा ते पंचवीस या वयात. मांडीचं आणि नडगीचं हाड ही तिची नेहमीची ठिकाणं. दहातली एखादी कण्यात असते, तीही बहुधा कंबरेत आणि मणक्याच्या मागच्या भागात: पेडिकल, लॅमिना किंवा फॅसेट सांध्याजवळ (दोन मणक्यांना मागून जोडणाऱ्या लहान सांध्याजवळ).

गोळीने आराम का पडतो, हे इथेच सांगायला हवं, कारण पुढे प्रतिमेतही त्याचाच परिणाम दिसतो. निडसमध्ये प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची रसायनं मोठ्या प्रमाणात तयार होतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, आजूबाजूला पाणी साचतं आणि निडसमधल्या मज्जातंतूंना वेदना होते. आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधं प्रोस्टाग्लॅन्डिन तयार होण्याची वाटच अडवतात. म्हणजे मुलाला रात्री उठवणारं आणि एमआरआयमध्ये पांढरं उजळणारं रसायन एकच.

एक्स-रे पुन्हा पाहिला तो हे सगळं डोक्यात ठेवून. बाक डावीकडे फुगलेला, कॉब कोन (बाक किती आहे हे सांगणारं माप) १६ अंश. किशोरवयातला नेहमीचा, कारण न सापडणारा स्कोलिओसिस सहसा दुखत नाही. तो मुलींमध्ये जास्त, बहुधा छातीच्या मणक्यांत आणि उजवीकडे फुगलेला असतो, आणि त्यात मणके स्वतःभोवती वळलेले असतात. इथे मुलगा, बाक कंबरेत, मणके जवळजवळ न वळलेले, आणि दुखणं तर मुख्य तक्रार. ऑस्टिऑइड ऑस्टिओमामध्ये गाठीच्या बाजूचे स्नायू आखडतात आणि कणा त्या बाजूला ओढला जातो, त्यामुळे गाठ बाकाच्या आतल्या अंगाला, त्याच्या मध्याच्या आसपास सापडते. या मुलाच्या बाकाचं आतलं अंग उजवीकडे होतं आणि दुखणंही उजवीकडेच.

समोरून काढलेल्या एक्स-रेत प्रत्येक मणक्याच्या दोन बाजूंना पेडिकलची दोन लंबगोल वर्तुळं दिसतात. चौथ्या मणक्याचं उजवं वर्तुळ डाव्यापेक्षा स्पष्टपणे दाट, पांढरं दिसत होतं. मुलांमध्ये एकच पेडिकल दाट दिसलं तर पहिल्यांदा दुसऱ्या बाजूचं पेडिकल पाहावं. त्या दुसऱ्या बाजूची कमान तुटलेली असेल किंवा तिकडचं पेडिकल जन्मतःच नसेल, तर सगळा भार या बाजूवर येतो आणि इथलं हाड जाड होतं. इथे डावी बाजू पूर्ण आणि धड होती. म्हणजे दाटपणाचं कारण उजवीकडेच शोधायचं होतं.

मग एमआरआय. माझ्या मते या प्रकरणात सर्वाधिक शिकण्यासारखं इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

पाठदुखी आणि एमआरआय यांची आपल्याकडे आता जोडीच जमली आहे. चकती, मज्जारज्जू, नसा, हाडातला मगज यांच्यासाठी एमआरआयइतकी चांगली तपासणी नाही, हे खरंच आहे. पण ऑस्टिऑइड ऑस्टिओमामध्ये तीच तपासणी दिशाभूल करू शकते. एमआरआयला पाणी फार चांगलं दिसतं आणि चुन्याने भरलेलं कठीण हाड फार वाईट. गाठ ७ मिलिमीटरची, पण तिच्याभोवतीची सूज पेडिकलभर, लॅमिनाभर, कधी शेजारच्या मणक्यात, फॅसेट सांध्यात आणि स्नायूंमध्येही पसरते. खाजन शेतात (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतात) बांध फुटून पाणी शिरलं की आतला लहान बांध कुठे आहे हे दिसेनासं होतं, तशी गत. पाहणाऱ्याला पाणी दिसतं, आणि एवढं पाणी म्हणजे काहीतरी मोठं, उग्र असणार असं वाटतं. यापायी या निरुपद्रवी गाठीला संसर्ग किंवा लिम्फोमा, युइंग सार्कोमा यांसारखा कर्करोग समजलं गेल्याची उदाहरणं वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

जुनी सीडी उघडून मी एकेक छेद पाहिला. छेदांची जाडी ४ मिलिमीटर आणि दोन छेदांमध्ये थोडी मोकळी जागा. एवढ्या अंतरात ७ मिलिमीटरची वस्तू जेमतेम एका छेदात सापडणार. आणि एका आडव्या छेदात सुजेच्या पांढऱ्यात एक काळसर ठिपका होताही. पण तेवढ्यावरून निदान करणं धाडसाचं झालं असतं. टीबीच्या विरोधात मात्र बऱ्याच गोष्टी होत्या. कण्याचा क्षयरोग बहुतेकदा मणक्याच्या पुढच्या भागात, चकतीलगत सुरू होतो. शेजारचे दोन मणके आणि मधली चकती बाधित होते, बाजूला पू साचतो. इथे चकती स्वच्छ, मणक्याचा पुढचा भाग स्वच्छ, पू कुठेच नाही. मागच्या कमानीतच सुरू होणारा क्षयरोग असतो, पण तो विरळा. आणि हाडाच्या घातक गाठीत बहुधा हाडाबाहेर आलेला मांसल गोळा दिसतो. इथे स्नायूंमध्ये सूज होती, गोळा नव्हता.

मी सुचवलेली तपासणी साधी होती: फक्त तिसऱ्या ते पाचव्या कंबर-मणक्यापर्यंतचा सीटी स्कॅन, एक मिलिमीटरपेक्षा पातळ छेदांचा. ‘आणखी एक स्कॅन?’ असं मुलाच्या वडिलांनी विचारलं, आणि तो प्रश्न योग्यच होता. सीटीत किरणोत्सर्ग असतो आणि वाढत्या मुलाला तो विनाकारण देऊ नये. म्हणूनच अख्खा कणा न घेता तीनच मणके घेतले, मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणे कमी केली आणि एकदाच, शिरेतून औषध न देता केला. मी त्यांना सांगितलं की एमआरआयने कुठे पाहायचं ते दाखवलं आहे, आता तिथे काय आहे ते पाहायचं आहे.

सीटीत उत्तर मिळालं. चौथ्या मणक्याची उजवी लॅमिना आणि खालचा सांध्याचा भाग जिथे जुळतात तिथे ७ मिलिमीटरचं गोल, गडद क्षेत्र; त्याच्या मधोमध चुन्याचा लहान पांढरा ठिपका; भोवताली हाडाचं दाट कडं, पेडिकलपर्यंत गेलेलं. कड्यातून निडसकडे जाणाऱ्या बारीक नळीसारख्या रेषाही दिसल्या. त्या रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांच्या खाचा. या खाचा दिसल्या की निदानाला मोठं बळ मिळतं. जाड छेदांमध्ये यातलं बरंच काही हरवलं असतं.

तरीही इतर शक्यता एकेक करून बाजूला कराव्याच लागतात. ताणाची भेग ही रेष असते, गोल नसते. हाडातला जुना गळू, ज्याला ब्रोडीचा गळू म्हणतात, दिसायला फसवा असतो. पण त्याची आतली कड वेडीवाकडी असते आणि आत मेलेल्या हाडाचा तुकडा असेल तर तो ओबडधोबड आणि बहुधा एका बाजूला सरकलेला असतो. इथे कड गुळगुळीत आणि ठिपका मध्यावर. ऑस्टिओब्लास्टोमा ही याच घराण्यातली मोठी गाठ. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जवळजवळ सारख्या दिसतात, म्हणून आकारावर भिस्त ठेवावी लागते, आणि दीड ते दोन सेंटिमीटर ही सीमारेषा मानतात. ऑस्टिओब्लास्टोमा वाढत राहतो, हाड फुगवतो, नसांवर दाब आणू शकतो आणि गोळीला तितकी दाद देत नाही. एन्यूरिझ्मल बोन सिस्टमध्ये हाड फुग्यासारखं ताणलं जातं आणि एमआरआयमध्ये आतल्या रक्ताचे वर-खाली थर दिसतात. तसं इथे काहीच नव्हतं.

ओघात हिमॅन्जिओमाबद्दल लिहितो, कारण या विषयावर लोकांची सगळ्यात जास्त झोप तोच उडवतो. मणक्यातली ही सर्वांत जास्त आढळणारी सौम्य गाठ. शवविच्छेदनात दर दहा जणांत सुमारे एकाच्या कण्यात ती सापडते. चकतीसाठी एमआरआय केलेला चाळिशीतला माणूस अहवालात हा शब्द वाचतो आणि घाबरून धावत येतो. यात चरबी असते, म्हणून एमआरआयच्या टी-१ आणि टी-२ या दोन्ही प्रतिमांत ती पांढरी दिसते, आणि सीटीच्या आडव्या छेदात जाड झालेल्या उभ्या हाडकाड्या ठिपक्यांसारख्या दिसतात. हे चित्र स्पष्ट असेल तर पुढे काहीही करावं लागत नाही. म्हणूनच अशा अहवालात ‘ही गाठ दुखण्याचं कारण नाही, उपचाराची गरज नाही’ एवढं साधं वाक्य लिहिणं मी कर्तव्य समजतो. क्वचित हिमॅन्जिओमा मणक्याबाहेर येऊन मज्जारज्जूवर दाब आणतो, त्यात चरबी कमी दिसते, आणि तेव्हा मात्र गांभीर्याने घ्यावंच लागतं.

बोन स्कॅन करावा का, असं अस्थिरोगतज्ज्ञांनी विचारलं. टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देऊन केलेल्या या स्कॅनमध्ये निडस प्रखर उजळतो आणि भोवतालचं हाड त्यापेक्षा कमी, असं दुहेरी चित्र दिसतं. दुखण्याची जागा नक्की कळत नसेल, एक्स-रेत काहीच दिसत नसेल, तेव्हा त्याचा मोठा उपयोग होतो. इथे जागा सापडली होती, म्हणून मी नको म्हटलं.

बायोप्सीचा प्रश्न जास्त नाजूक होता, कारण आधीच्या अहवालात ती सुचवली होती. सीटी न करता, फक्त सुजेकडे पाहून सुई घातली असती, तर सुजलेल्या हाडाचा तुकडा हाती आला असता आणि पॅथॉलॉजिस्टने ‘प्रतिक्रियात्मक बदल’ असं लिहिलं असतं. त्यातून संसर्गाची शंका गेली नसती आणि अर्बुदाचीही नाही. त्या मुलाला टीबीची औषधं महिनोन्‌महिने देऊन पाहण्याची पाळी आली असती. म्हणून माझ्या अहवालात मी निदान तर लिहिलंच, शिवाय हेही लिहिलं की स्वतंत्र बायोप्सी करू नये, नमुना उपचाराच्या वेळीच, त्याच वाटेने, थेट निडसमधून घ्यावा. सोबत उपचार करणाऱ्याला लागणारी मापं दिली: निडसपासून मज्जारज्जूच्या पोकळीपर्यंतचं अंतर ४ मिलिमीटर, मधलं हाडाचं कवच अखंड, चौथ्या नसेच्या वाटेपासूनचं अंतर, आणि मागून सुई घालायचा सुरक्षित कोन. अशा अहवालात ‘ऑस्टिऑइड ऑस्टिओमा दिसतो’ एवढ्यावर थांबलं तर पुढच्या डॉक्टरला सगळं पुन्हा मोजावं लागतं.

उपचाराचे तीन मार्ग होते. गोळ्या घेत राहणं हाही एक, कारण काही गाठी काही वर्षांनी आपोआप शांत होतात. पण इथे कणा वाकत होता. १९८६ साली पेटिन आणि क्लासन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं होतं की दुखणं सुरू झाल्यापासून १५ महिन्यांच्या आत गाठीचा बंदोबस्त झाला तर बाक आपोआप सरळ होण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर तो कायमचा होऊ लागतो. आमच्या हातात वेळ होता, पण वर्षानुवर्षं वाट पाहण्याइतका नव्हता. दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. त्यात फॅसेट सांध्याचा भाग गेला असता आणि मणका अस्थिर होण्याची भीती होती. तिसरा रेडिओफ्रीक्वेन्सी अ‍ॅब्लेशनचा, म्हणजे सीटीत पाहत पाहत सुई निडसमध्ये नेऊन तो उष्णतेने जाळणं. या गाठीवरचा हा उपचार बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॅनियल रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला.

कण्यात हा उपचार करताना एकच मोठी धास्ती असते: नस भाजण्याची. साधारण ४५ अंश सेल्सिअसपासून पुढे मज्जातंतूला इजा होऊ लागते आणि सुईचं टोक ९० अंशांवर असतं. अखंड हाडाचं कवच उष्णतेला काही प्रमाणात अडवतं, पण ४ मिलिमीटर हे अंतर निर्धास्त राहण्यासारखं नव्हे. मुंबईतल्या ज्या पथकाने उपचार केले त्यांनी पूर्ण भूल दिली, निडसमधून नमुना घेतला, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर ५ टक्के डेक्स्ट्रोजचं पाणी सोडून नसांभोवती थंडावा ठेवला आणि तिथे तापमान मोजणारी तारही बसवली. सलाइन वापरत नाहीत, कारण मिठाचं पाणी वीज वाहून नेतं. सहा मिनिटांत काम झालं. पॅथॉलॉजीच्या अहवालात नव्याने बनणाऱ्या कच्च्या हाडाचं जाळं, त्याभोवती अस्थिपेशींची एकेरी रांग आणि भरपूर रक्तवाहिन्या आढळल्या. घातक पेशी नव्हत्या, क्षयरोगाची लक्षणंही नव्हती.

सुईच्या जागचं दुखणं दोन दिवस राहिलं. जुनं दुखणं मात्र त्या रात्रीपासूनच गेलं आणि मुलगा गोळीशिवाय सकाळपर्यंत झोपला. सहा महिन्यांनी उभं राहून काढलेल्या एक्स-रेत कॉब कोन ७ अंशांवर आला होता. पट्ट्याची गरज पडली नाही. खेळ तीन महिन्यांनी, हळूहळू सुरू केला.

पुढची आखणी अशी आहे: उंची वाढायची थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी शारीरिक तपासणी, आणि बाक वाढल्यासारखा वाटला तरच एक्स-रे. सीटी पुन्हा करायचा नाही. अपवाद एकच: रात्रीचं तेच दुखणं परत आलं तर, कारण निडसचा काही भाग शिल्लक राहिल्यास गाठ पुन्हा डोकं वर काढू शकते, आणि तेव्हा त्याच तीन मणक्यांचा पातळ छेदांचा सीटी करायचा. उजवं पेडिकल मात्र एक्स-रेत बराच काळ दाट दिसत राहील. म्हणून दोन्ही स्कॅनच्या सीडी, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि उपचाराची नोंद एकाच फाईलमध्ये लावून आईच्या हाती दिली आहे आणि सांगितलं आहे की कुठल्याही कारणाने कंबरेचा एक्स-रे काढायची वेळ आली तर आधी ही फाईल दाखवा.